केरबाची पहिली सही

नरसिंगराव सोनकांबळे वकील गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला गावच्या बुद्धविहारात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जमलेल्यांतले निम्मे कधी ना कधी आरोपी होऊन गेलेले, उरलेले फिर्यादी, आणि त्या दिवशी सगळे एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले. लातूरहून, नांदेडहून वकील आले होते. एकेक जण उठून चार शब्द बोलत होता. नांदेडचे एक वकील उभे राहिले आणि त्यांनी शिक्क्याची केस सांगितली.

ती केस त्या भागात सगळ्यांना पाठ. "एका शिक्क्यावरून नरसिंगरावांनी अख्खा खटला उलथवला," नांदेडचे वकील म्हणाले. "काय ती नजर, काय ती तयारी! साक्षीदाराच्या तोंडून अक्षर न् अक्षर वाचून घेतलं!"

खांबाला टेकून बसलेला केरबा इतक्या जोरानं हसला, की भन्तेजींनीसुद्धा मान वळवून पाहिलं.

"काय झालं बाबा?" शेजारच्यानं हळूच विचारलं.

"ठसका लागला," केरबा म्हणाला आणि उपरण्यात तोंड घातलं.

त्या केसची खरी गोष्ट तिघांनाच माहीत होती. एक वकील, दुसऱ्या त्यांच्या पत्नी पंचशीलाबाई, तिसरा केरबा. बाई आधीच गेल्या होत्या, आता वकील गेले.

गाव उदगीरपासून आठ कोसांवर. नाव राहू द्या, तिथले लोक अजून भांडखोर आहेत. गावात पोलीस ठाणं होतं आणि ठाण्याच्या समोर केरबाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक चूल आणि वर पत्रा. ठाण्यासमोर हॉटेल टाकलेल्या माणसाला एक गोष्ट चुकत नाही. पोलिसांना पंचनामा करायचा असला की दोन पंच लागतात, आणि उन्हातान्हात पंच शोधत फिरण्यापेक्षा समोरच्या चहावाल्याला हाक मारणं सोपं. मडिवाळप्पा जमादार ओट्यावरूनच ओरडायचे, "केरबा, अंगठा घेऊन ये!" जणू केरबा अंगठा घरी विसरून आला असता.

पहिला अंगठा त्यानं बहात्तरच्या दुष्काळात दिला. गावातल्या सगळ्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. पाणी एकाच विहिरीला होतं, आणि मालकानं तिच्यावर पत्रा ठोकून कुलूप घातलं होतं. सोनकांबळे तेव्हा नवे नवे वकील झालेले. सकाळी उदगीरच्या कोर्टात, संध्याकाळी दुष्काळी कामावरच्या मजुरांची हजेरी तपासत. विहीर उघडा म्हणून त्यांनी मालकाचे हातपाय जोडले नाहीत. त्यांनी ठाण्यात एक अर्ज दिला, की पलीकडच्या गावातून चोरीला गेलेलं तेलाचं इंजिन सदर विहिरीत टाकलं असल्याचा दाट संशय आहे.

मडिवाळप्पांनी अर्ज वाचून डोकं धरलं. "वकील, तळ पाहायचा तर पाणी उपसावं लागेल. माणसं कुठून आणू?"

"माणसं बाहेर उभी आहेत," वकील म्हणाले.

बाहेर तीनशे बाया घागरी घेऊन उभ्या होत्या.

तपास तीन दिवस चालला. विहीर रात्री झिरपून भरायची, तपास सकाळी पुन्हा सुरू व्हायचा. चौथ्या दिवशी मालकच ठाण्यात आला. "तपास थांबवा, मी रोज सकाळी दोन तास कुलूप काढतो," म्हणाला. विहिरीत दोन कासवं सापडली. तसा पंचनामा झाला आणि खाली केरबाचा अंगठा लागला. त्या दिवसापासून तो ठाण्याचा कायमचा पंच झाला.

पुढं दहा वर्षांत केरबानं किती अंगठे दिले, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. चोरी, मारामारी, हातभट्टी, काही असो, कागद चहाच्या टेबलावर यायचा आणि अंगठा घेऊन जायचा. आणि तोच अंगठा कोर्टात सोनकांबळे वकिलांच्या उपयोगी पडायचा. केरबा पिंजऱ्यात उभा राहिला की वकील चष्मा पुसत विचारायचे, "अंगठा तुमचाच ना?"

"हाव साहेब."

"वरती काय लिहिलंय?"

"मला काय ठावं साहेब? काळं हाय येवढं दिसतं."

कोर्ट हसायचं, पंचनामा पडायचा, आरोपी सुटायचा. वकिलांचा हा हातखंडा होता. कागद हातात आला की ते आधी खाली पाहायचे. अंगठा दिसला की वरचा मजकूर वाचायची तसदी घ्यायचे नाहीत.

आता त्यांचा दुसरा उद्योग पाहा. याच माणसानं वस्तीतल्या आपल्या घरात प्रौढांचा वर्ग काढला होता. दिवेलागणीला वर्ग भरायचा, शिकवायच्या पंचशीलाबाई. त्या गावच्या शाळेत मास्तरीण होत्या. वकिलांचं काम माणसं गोळा करणं. ते दिसेल त्याला धरून आणायचे आणि स्वतः आत जाऊन उद्याच्या तारखेचे कागद चाळत बसायचे. एक दिवस त्यांनी केरबालाच धरून आणलं. दिवसा कोर्टात ज्याच्या अडाणीपणावर खटले जिंकायचे, त्यालाच संध्याकाळी पाटीवर बसवायचं, यात काही घोटाळा होईल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पंचशीलाबाईंच्या आलं होतं. त्या दोनदा म्हणाल्याही, "अहो, केरबा आता सही करतो बरं का." वकील कागदातून मान वर न करता म्हणाले, "हं, छान छान."

केरबाला वस्तीत शिकायला जातो म्हणून गावातले काही लोक टोमणे मारायचे. तो म्हणायचा, "अक्षरं तिथंच मिळतेत. तुमच्याकडं असली तर द्या की!"

सही यायला त्याला सहा महिने लागले. 'के' जमायचा, 'र' जमायचा, 'बा' मात्र दरवेळी ओळीखाली घसरायचा. त्याच पावसाळ्यात, ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, उस्मानाबाद जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन लातूर जिल्हा झाला. सोळा तारखेला गावात फटाके वाजले, केरबानं दिवसभर सगळ्यांना चहा फुकट पाजला. मडिवाळप्पा जमादार तर नव्या जिल्ह्यावर इतके खूश, की ठाण्याचा नवा शिक्का आल्यावर त्यांनी तो आधी स्वतःच्या तळहातावर मारून बायकोला दाखवायला नेला.

गणपती उठल्यावर आठवड्याभरानं जमादार एक कागद घेऊन हॉटेलात आले. "केरबा, अंगठा."

केरबानं फडक्याला हात पुसले. "अंगठा न्हाई जमादार. आज सही."

"काय सांगतोस!"

"पेन आणा."

हॉटेलातले चार जण चहा सोडून भोवती उभे राहिले. केरबानं जीभ दातांत धरली, श्वास रोखला आणि सही केली. 'बा' घसरला नाही. जमादारांनी पाठ थोपटली, कुणीतरी टाळी वाजवली. या सगळ्या धांदलीत वर काय लिहिलंय ते वाचायचं केरबाच्या मनातही आलं नाही. तो रात्री जेवतानाही हवेत बोटानं सही करत होता.

उन्हाळ्यात कोर्टाचा समन्स आला. केरबानं तो कुणाकडून वाचून घेतला नाही. अक्षर लावत लावत स्वतः वाचला आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. आरोपीचं नाव होतं व्यंकटी.

व्यंकटी गावातला हातपंपाचा मिस्त्री. सरपंचाच्या आळीतला पंप आणि वस्तीतला पंप एकाच दिवशी बंद पडले, तर त्यानं वस्तीतला आधी दुरुस्त केला, कारण तिथं माणसं जास्त होती. त्यानंतर चार दिवसांनी सरपंचाच्या आळीतल्या पंपाची साखळी आणि दांडा गायब झाला आणि नाव व्यंकटीचं आलं. नव्या जिल्ह्यासाठी हातपंपाचे मिस्त्री भरणार होते, व्यंकटीचं नाव यादीत लागलं होतं. शिक्षा झाली तर तुरुंग, आणि नोकरी जन्मात नाही.

त्याच दुपारी व्यंकटीची बायको नागुबाई हॉटेलात आली. तिचा चेहरा मात्र खुलला होता.

"केरबामामा, तुम्हीच पंच हाव म्हणं! वकीलसाहेब म्हणले, काळजी करू नको, केरबाचा अंगठा हाय, केस गेल्यात जमा."

केरबानं हातातली किटली घाईनं बाकड्यावर ठेवली.

"काय झालं मामा?"

"काही न्हाई. कान गरम हाय किटलीचा."

नागुबाई गेली. केरबा चुलीपुढं बसून हिशेब करू लागला. अंगठा असता तर 'मला वाचता येत नाही' एवढं बोलून व्यंकटी सुटला असता. आता सही होती. खोटं बोलावं तर कोर्टात शपथ, आणि हॉटेलातल्या चार जणांनी त्याला सही करताना पाहिलेलं. खरं बोलावं तर सरकारी वकील म्हणणार, वाचता येणाऱ्या माणसानं सही केली म्हणजे माल सापडलाच. मागून कितीही सांगितलं की कागद हॉटेलात आला होता, तरी कोण ऐकणार? पंच उलटले असंच म्हणतात.

तो संध्याकाळी वकिलांकडं गेला. वकील बैठकीत तीन पक्षकारांच्या गराड्यात.

"साहेब, त्या व्यंकटीच्या केसमदी..."

"तू फक्त नेहमीचं बोल."

"न्हाई पण साहेब, ते नेहमीचं..."

"केरबा, दहा वर्षं झाली. मला शिकवतोस का आता?"

केरबा मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेला. पंचशीलाबाई भाकरी थापत होत्या. त्यानं सगळं सांगितलं.

"वाचलं होतंस का सही करायच्या आधी?"

"न्हाई बाई. सहीच्याच नादात..."

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच. "पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतं मी?"

"आधी वाचा, मग सही करा," केरबा पुटपुटला.

"ते वाक्य वाचता यायला तुला चार महिने लागले, आणि विसरायला एक मिनिट." बाई भाकरी उलटत म्हणाल्या, "हे बघ, कोर्टात खोटं बोलू नकोस. आणि तो कागद हातात आला तर या खेपेला वाच. वरपासून खालपर्यंत. कुणी घाई केली तरी ऐकू नकोस."

"आणि साहेबांना सांगताव का तुम्ही?"

"मी दोनदा सांगितलंय," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा कोर्ट सांगेल."

तारखेच्या दिवशी उदगीरच्या कोर्टात उकाडा असा, की पंख्याखालीही घाम. शिपायानं तीनदा नाव पुकारलं. केरबा पिंजऱ्यात चढला. समोर व्यंकटी हात जोडून उभा, दाराशी नागुबाई. ती केरबाकडं पाहून हसली.

सरकारी वकिलांपुढं त्या दिवशी केसचा ढीग होता. त्यांनी कागद लांबूनच दाखवला. "पंचनामा तुमच्यासमोर झाला ना?"

"कागद माझ्यासमोर आला," केरबा म्हणाला. हे अगदी खरं होतं. सरकारी वकिलांना तेवढं पुरलं, ते खाली बसले.

सोनकांबळे वकील उठले. नेहमीसारखा चष्मा पुसला. "अंगठा तुमचाच ना?"

"न्हाई साहेब."

वकिलांचा हात चष्म्यावरच थांबला. "मग कुणाचा आहे?"

"अंगठा न्हाईच साहेब. सही हाय."

वकिलांनी कागद ओढून घेतला आणि सवयीप्रमाणं खाली पाहिलं. तिथं 'केरबा' असं ठसठशीत लिहिलं होतं. सरकारी वकील आता खुर्चीतून उठले होते.

"साक्षीदाराला लिहिता-वाचता येतं?" त्यांनी मोठ्या आनंदानं विचारलं.

"हाव. येतं."

"कुठं शिकलात?"

केरबानं मान खाली घालून सोनकांबळे वकिलांकडं बोट केलं. "ह्यांच्याच घरी."

कोर्ट असं हसलं, की शिपायाला दोनदा ओरडावं लागलं. न्यायाधीशसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. एकट्या नागुबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"म्हणजे वाचून सही केली," सरकारी वकील म्हणाले. "झालं तर मग."

"सही केली साहेब. वाचलं न्हवतं," केरबा म्हणाला. "आता वाचतो."

"त्याची काही गरज नाही."

"बाईंनी सांगितलंय," केरबा म्हणाला.

"कोण बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ह्यांच्या."

न्यायाधीश हसू दाबत म्हणाले, "द्या कागद. वाचू द्या त्याला."

केरबानं कागद कठड्यावर ठेवला, बोट पहिल्या ओळीवर टेकवलं आणि वर्गात वाचायचा तसा मोठ्यानं वाचू लागला. "पं-च-ना-मा. ता-री-ख सा-त जु-लै..." वकील कपाळाला हात लावून उभे होते. घड्याळाचा काटा पुढं सरकत होता. व्यंकटीच्या घरात, कडब्याखाली, एक साखळी, एक दांडा. शब्द एकेक करून बाहेर येत होते आणि प्रत्येक शब्दागणिक व्यंकटीची मान खाली जात होती. सरकारी वकिलांनी दोनदा जांभई दिली. केरबा थांबला नाही. मजकूर संपला तसं त्याचं बोट बाजूच्या निळ्या शिक्क्यावर गेलं. गोल शिक्का, अक्षरं फिरत गेलेली. त्यानं कागद हळूहळू फिरवत तोही वाचला.

"पो-ली-स ठा-णे... जि-ल्हा... ला-तू-र."

त्याचं बोट थांबलं. पुन्हा वर गेला, तारीख वाचली. पुन्हा खाली आला, शिक्का वाचला.

"काय झालं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, माझंच काही चुकून राहिलं असंल. नवाच शिकलोय." केरबानं डोकं खाजवलं. "सात जुलैला आपुन उस्मानाबादेतच होतो. लातूर जिल्हा सोळा ऑगस्टला झाला. त्या दिवशी मी गावाला फुकट चहा पाजला, म्हणून ध्यानात हाय. मग जुलैच्या कागदावर हा जिल्हा आला कुठून?"

न्यायाधीशांनी हात पुढं केला, कागद घेतला, उजेडाकडं धरला.

"जमादार, हा शिक्का ठाण्यात कधी आला?"

मडिवाळप्पा उभे राहिले. एरवी त्यांनी काहीतरी ठोकून दिलं असतं. पण त्या शिक्क्याचं कौतुक त्यांनी स्वतः घरोघर सांगितलेलं. "अय्यो," ते पुटपुटले. "गणपतीत आला साहेब."

"आणि साक्षीदार, तुम्ही सही कधी केली, कुठं केली?"

"गणपती उठल्यावर आठवड्यानं. माझ्या हॉटेलात. कडबा बी पाहिला न्हाई, साखळी बी न्हाई."

एवढ्यात सोनकांबळे वकिलांनी चष्मा नाकावर चढवला, कोट सारखा केला आणि अत्यंत शांत आवाजात म्हणाले, "साहेब, नेमकी हीच गोष्ट मला कोर्टाच्या निदर्शनास आणून द्यायची होती. म्हणूनच मी साक्षीदाराला साक्षर करून आणलं."

केरबानं आ वासला. पण वकिलांनी चष्म्याआडून त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं तो मुकाट्यानं मिटला.

व्यंकटी निर्दोष सुटला. पावसाळ्याआधी नोकरीवरही रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात सरपंचाच्या आळीतला पंप दुरुस्त करायला त्यालाच पाठवलं, आणि त्यानं तो निमूटपणे दुरुस्त केला. फक्त साखळी नवी बसवताना सरपंचाला विचारलं, "जुनी सापडली तर कळवा. तेल लावून ठेवतो."

पंचांचं मात्र सगळं बिघडलं. पुढच्या वेळी मडिवाळप्पा कागद घेऊन हॉटेलात आले तेव्हा केरबा म्हणाला, "बसा जमादार. वाचतो." जमादारांनी तीन कप चहा संपवला, केरबा दुसऱ्याच ओळीवर होता. जमादार उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांनी गावात दुसरा अंगठा शोधायला सुरुवात केली. ही बातमी पसरायला एक बाजारचा दिवस पुरला. सही शिकलं की ठाण्याचं बोलावणं बंद, कोर्टाच्या खेपा बंद. जी माणसं वकिलांनी हाताला धरून ओढली तरी वर्गाकडं फिरकत नव्हती, ती आपापली पाटी घेऊन दारात बसू लागली. पंचशीलाबाईंना अंगणात दुसरा कंदील टांगावा लागला.

वकील एका संध्याकाळी कोर्टातून घरी आले तर बैठकीत शिरायला जागा नव्हती. आतापर्यंत त्यांनी ज्यांच्या ज्यांच्या अंगठ्यावर खटले जिंकले होते, ती सगळी मंडळी ओळीनं बसून 'आधी वाचा, मग सही करा' गिरवत होती. दारात केरबा उभा होता. वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"केरबा, तालुक्यात एक अंगठेवाला पंच ठेवला नाहीस. आता मी केस जिंकायच्या कशा?"

केरबा काही बोलायच्या आत फळ्यापाशी उभ्या पंचशीलाबाई वळल्या. त्यांच्या हातात खडू होता.

"कागद वाचून," त्या म्हणाल्या. "वरपासून खालपर्यंत. चपला बाहेर काढा आणि बसा त्या कोपऱ्यात, केरबा सरकून जागा देईल."

केरबा सरकला. वकील मांडी घालून बसले, पिशवीतून उद्याच्या तारखेचे कागद काढले, सवयीनं तळाशी पाहिलं, बाईंची नजर जाणवली तशी मान वर नेली, आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.